उकाईंची मोकळी जागा

पत्र्याच्या कुंपणावर 'आत येऊ नये' अशी पाटी लावलीय ना, तिच्यामागे पडलेली जमीन म्हणजे मी. खरं सांगायचं तर बोलायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही. पण गेल्या वर्षभरात माझ्याविषयी इतक्या लोकांनी इतकं मोजलं, लिहिलं आणि छापलं, की एकदा माझ्याकडूनही ऐकून घ्या.

माझं क्षेत्रफळ सहाशे चौरस मीटर. जपानातल्या बिवा सरोवराच्या खालच्या अंगाला आमचं लहानसं शहर आहे, त्याच्या स्टेशनापासून मी चालत सात मिनिटांवर आहे. ही सात मिनिटं फार महत्त्वाची. मी वीस मिनिटांवर असते, तर मला कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

माझा जन्म नदीच्या गाळातला. वर चार मीटर वाळू आणि माती, तिच्याखाली निळसर चिकणमातीचा जाड थर. इथे कुठेही दोन मीटर खणलं की पाणी लागतं. ते पाणी माझ्या पोटातून पूर्वेकडून पश्चिमेकडे सावकाश सरकत जातं. वर कोणाची मालकी आहे, कोणाचं कुंपण कुठे आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

कित्येक पिढ्या माझ्यावर भात झालं. तेव्हाचं फारसं आठवत नाही, कारण सुखाचे दिवस होते. मग दुसरं महायुद्ध संपलं आणि उकाई नावाच्या माणसाने मला विकत घेऊन कारखाना टाकला. स्क्रू आणि बोल्ट यांना जस्ताचा मुलामा द्यायचा कारखाना. सोळा माणसं कामाला. उकाई स्वतः सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा आणि दुपारी कामगारांबरोबर बसून तेच भात-लोणचं खायचा. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ऐकताना तुम्हाला त्याचा राग येईल.

कारखाना वाढवायचा ठरला, तेव्हा मधे एक जुनी विहीर येत होती. उकाईने ती बुजवायला काढली. त्याची म्हातारी आई हटून बसली. विहिरीत देव असतो, तो कोंडून मरता कामा नये. आमच्याकडे रीतच आहे, विहीर बुजवताना तिच्यात बांबूची पोकळ नळी उभी ठेवायची आणि तिचं तोंड वर उघडं राहू द्यायचं, म्हणजे देवाचा श्वास चालू राहतो. भटजी आला, तांदूळ, मीठ आणि दारू वाहिली गेली, नळी उभी राहिली. पुढे बांबू कुजला, तेव्हा उकाईने त्या जागी प्लास्टिकची नळी बसवली. दर वर्षाअखेरीस तिच्या बाजूला पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या पिठाचे दोन लाडू ठेवले जात. मलाही ते बरं वाटायचं. आपलं कोणी काही राखतंय असं वाटायचं.

त्यानंतर काही वर्षांनी त्सुजी कामाला लागला. बावीस वर्षांचा, दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरून आलेला, बोलायला कमी, कामाला वाघ. मुलामा द्यायच्या आधी स्क्रूंवरचं तेल काढावं लागतं. त्यासाठी एक औषध असायचं. पाण्यासारखं स्वच्छ, वासाला गोडसर, हाताला गार. त्या औषधाच्या टाकीवर त्सुजीची नेमणूक झाली. वापरून वापरून ते औषध काळं पडलं की फेकायचं. कारखान्याच्या मागून गटार जायचं, तिथे ते ओतलं जायचं. सगळेच कारखाने तसंच करायचे.

मग एका उन्हाळ्यात कालव्यातले मासे पोट वर करून तरंगले. शेजारपाजारची माणसं उकाईच्या दारात आली. उकाई घरोघरी गेला, कमरेत वाकून माफी मागितली. परत येऊन त्याने सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि म्हणाला, "आजपासून गटारात एक थेंब जाता कामा नये."

एवढंच बोलला. मग कुठे ओतायचं, ते बोलला नाही आणि कोणी विचारलंही नाही. मालक जे बोलत नाही ते ओळखून मुकाट्याने करायचं, ही इथे चांगल्या कामगाराची खूण समजतात. त्सुजी तर चांगल्यातला चांगला कामगार. त्याने ओळखलं.

दर शनिवारी काम सुटताना तो वापरलेल्या औषधाची बादली घेऊन नळीपाशी यायचा. आधी खिशातून दारूची लहानशी बाटली काढून चार थेंब नळीत वाहायचा. मग दोन टाळ्या, हात जोडून नमस्कार, मान खाली. "चुकलं-माकलं माफ कर," असं पुटपुटायचा. आणि मग ती बादली नळीत रिकामी करायचा. नऊ वर्षं. एक शनिवार चुकवला नाही आणि एकदाही नमस्कार केल्याशिवाय ओतलं नाही. देवाची परवानगी घेतली म्हणजे झालं, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

मला काय वाटायचं, ते कोणी विचारलं नाही. ते औषध पाण्याहून जड. पाण्यात तरंगत नाही की फारसं विरत नाही. सरळ तळाशी गेलं आणि चिकणमातीवर जाऊन बसलं. तिथून सावकाश पश्चिमेला सरकायला लागलं. मला ते आतून ओढल्यासारखं जाणवायचं. पण जमिनीला तोंड नसतं. असतं तर मी पहिल्याच शनिवारी ओरडले असते.

पुढे कायदा कडक झाला, औषध न्यायला गाडी येऊ लागली आणि बादली थांबली. उकाई म्हातारा होऊन गेला. त्याच्या मुलाला धंदा झेपला नाही. कारखाना बंद पडला, पाडला. पाडणाऱ्यांनी भिंती, टाक्या, फरशा सगळं उखडून नेलं, नळी तेवढी ठेवली. कोणाची तिला हात लावायची छाती झाली नाही.

त्यानंतर पंधरा वर्षं मी मोकळी पडून होते. पिवळ्या फुलांचं माणूसभर उंचीचं तण माजलं. कोणी कुंपणावरून जुनी छत्री टाकली, कोणी सायकल. मांजरींनी पिल्लं घातली. कुंपणाला टेकून उभं राहून लोक फोनवर भांडायचे, मग तोंडावर हसू आणून घरी जायचे. माझ्यासारख्या मोकळ्या जागेसमोर माणसं जे बोलतात, ते घरात बोलत नाहीत.

माझ्या पश्चिमेला तीस पावलांवर इनुईबाईंचं घर. नवरा चटया विणायचा, त्सुजीचा जिवाभावाचा मित्र. मूत्रपिंडाच्या दुखण्याने साठीच्या आतच गेला. बाई आता अडुसष्ट वर्षांच्या. अंगणात हातपंपाची विहीर आहे आणि त्या विहिरीचा त्यांना भारी अभिमान. नळाचं पाणी त्यांच्या मते भांडी घासायला ठीक. चहाला, भाताला, लोणच्याला विहिरीचंच.

त्सुजी दुपारी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. बायको गेली, मुलं दूर, वेळ जात नाही. पण येताना दुकानातल्या चहाची बाटली घेऊन यायचा. त्यांच्या हातचं पाणी कधी घ्यायचा नाही.

"काय हो भावजी," इनुईबाई म्हणायच्या, "चाळीस वर्षं बघतेय. माझ्या विहिरीचं पाणी तुमच्या घशाखाली उतरत नाही. विष कालवलंय का मी त्यात?"

"तसं नाही वहिनी. गार पाण्याने दात ठणकतात."

"दात कुठे राहिलेत तुम्हाला?"

त्सुजी हसायचा. इथून कुंपणाच्या फटीतून मला ते हसणं दिसायचं. त्या हसण्याचा मला फार कंटाळा आला होता.

मग गेल्या वसंतात माझ्यावर मोठी माणसं येऊ लागली. इथे दुमजली बाजार उभा करायचा होता. खाली किराणा आणि औषधांचं दुकान, वर दवाखाने. बांधणाऱ्या कंपनीचे कुसुमोतो म्हणून एक गृहस्थ होते, सूट कडक, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी आधी आजूबाजूच्या प्रत्येक घरी जाऊन वाकून नमस्कार केला आणि एकेक रुमाल दिला.

"रुमालच का देतात दर वेळी?" इनुईबाई ते गेल्यावर त्सुजीला म्हणाल्या. "वर्षभर धूळ खायची आणि तोंड पुसायला हा?"

जिथे कधीकाळी मुलाम्याचा कारखाना होता, तिथे काही बांधायचं तर आधी जमीन तपासावी लागते. त्यासाठी मियाके नावाची बाई आली. पस्तिशीची असेल. डोक्यावर हेल्मेट, पायात चिखलाचे बूट, बोलण्यात गडबड नाही. तिने आधी मला हात लावलाच नाही. सहा आठवडे कागद चाळत होती. जुने नकाशे, विमानातून काढलेले फोटो, अग्निशमन दलाकडे दिलेला कारखान्याचा आराखडा. माझ्या भातशेतीचा फोटोही तिच्याकडे होता. इतक्या वर्षांनी मी तो पाहिला आणि मला स्वतःची ओळखच पटली नाही.

मग ती जुन्या कामगारांच्या शोधाला लागली. सोळांपैकी जिवंत आणि शुद्धीवर असलेला एकटा त्सुजी. गाडीच्या बॉनेटवर आराखडा पसरून तिने त्याला एकेक विचारलं आणि त्याने बरोबर सांगितलं. आम्लाच्या टाक्या इथे, धुण्याचा हौद इथे, तेल काढायची टाकी ह्या खांबाला लागून. त्याची स्मरणशक्ती बघून सोबत आलेले कुसुमोतोही वाहवा करू लागले आणि ती तर थक्क झाली.

"आणि वापरलेलं औषध कुठे जायचं, आजोबा?"

"गाडी यायची ना."

"अगदी सुरुवातीपासून?"

त्सुजीने आराखड्यावरची घडी बोटाने सपाट केली. "माझ्या आठवणीत तरी गाडीच."

मियाकेने लिहून घेतलं. त्सुजीचं बोट तसंच घडीवर होतं. मी खालून सगळं ऐकत होते. वाटलं, आता तरी बोल रे. पण तो उकाईचा विचार करत होता, हे मला ठाऊक होतं. उकाईने त्याचं लग्न जमवलं होतं, बायकोच्या आजारपणात पगारी सुट्टी दिली होती. मेलेल्या माणसाच्या तोंडाला काळं कसं फासायचं? आणि बोललं तर ओट्यावरच्या वहिनींना काय सांगायचं? तिचा नवरा मूत्रपिंडाने गेला, त्यात त्या पाण्याचा हात होता की नव्हता, मला ठाऊक नाही. त्सुजीलाही नाही. तो प्रश्न घेऊन तो वीस वर्षं तिच्या ओट्यावर बसत होता.

त्यानंतर मला आखलं. उत्तरेच्या टोकापासून दहा-दहा मीटरच्या चौकटी, पांढऱ्या दोरीने. प्रत्येक चौकटीच्या मध्यावर भोक पाडायचं, आतली हवा ओढून घ्यायची, माती काढायची, बाटलीत भरायची. भोकं पाडणाऱ्यांचा मुकादम दोई म्हणून होता. पोट सुटलेला, गळ्यात टॉवेल, सतत काहीतरी बडबड. तण कापताना त्याला नळी दिसली आणि बडबड बंद पडली.

"मियाके मॅडम, हे बघा. विहीर आहे खाली."

चौकटीचा मध्य बरोबर नळीवर येत होता.

"इथे नाही चालवणार मी यंत्र," दोई म्हणाला. "देवाच्या नाकात गज खुपसायचा पगार मला कोणी देत नाही. माझ्या सासऱ्याने एकदा अशी विहीर फोडली, महिन्याभरात दोन पाय मोडून घेतले."

"दोन्ही?" मियाकेने विचारलं.

"एक त्याचा, एक माझ्या मेहुण्याचा. आधी भटजी आणा, शांत करा, मग सांगा, पृथ्वीच्या पलीकडे भोक पाडून देतो."

कुसुमोतो तिथेच होते. भटजीला पुढच्या पंधरवड्याखेरीज वेळ नव्हता आणि त्यांच्या वेळापत्रकात पंधरवडा नव्हता. ते अदबीने म्हणाले, "अडथळा असेल तर भोक त्याच चौकटीत थोडं सरकवता येतं ना? नियमात बसतं असं ऐकून आहे."

बसत होतं. मियाकेने क्षणभर नळीकडे पाहिलं, मग मान डोलावली. कागदावर विहिरीत काही गेल्याची नोंद नव्हती, कोणी तसं सांगितलंही नव्हतं. दोईने नळीला हात जोडले, अडीच मीटर पूर्वेला यंत्र लावलं आणि भोक पाडलं. माझ्यातलं पाणी पश्चिमेला जातं. पूर्वेला काय सापडणार? माझ्या अंगभर दोरी होती, आठ भोकं होती, आणि जिथे खरोखर दुखत होतं, ती जागा सोडून सगळीकडे टोचून झालं होतं.

तीन आठवड्यांनी निकाल आले. जुन्या टाकीजवळ वरच्या मातीत थोडं शिसं, ते अर्धा मीटर खरवडून काढलं की झालं. बाकी जमीन स्वच्छ. मियाके शेवटची भोकं बुजवून घ्यायला आली, तेव्हा त्सुजी कुंपणापाशी उभा होता. तिने त्याला वाकून नमस्कार केला. "तुमच्यामुळे काम सोपं झालं, आजोबा. मुख्य काळजी त्या तेल काढायच्या औषधाची होती. त्याचा मागमूस नाही."

पलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या इनुईबाईंनी ते ऐकलं आणि चिमटे तसेच हातात घेऊन त्या धावत कुंपणापाशी आल्या.

"खरंच स्वच्छ आहे? कागदावर तसं लिहून येणार?"

"येणार."

"बरं झालं बाई! माझी मुलगी दिवसभर हेच विचारते. आठवा महिना लागलाय तिला. बाळंतपणाला माहेरी यायचं तर कारखान्याच्या जागेशेजारी नको वाटतं म्हणे. आता फोन करते. दोन महिने राहील. भावजी, ऐकलंत का? बाळाचं दूध आपल्या विहिरीच्या पाण्यात करीन मी. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो हो."

इनुईबाई घराकडे वळल्या, फोन करायला. त्यांनी चार पावलं टाकली असतील.

"वहिनी, थांबा."

त्याचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. तो कुंपणाच्या फटीतून आत आला. 'आत येऊ नये' ची पाटी हलली. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, तणाच्या खुंटांमध्ये अडखळत, सरळ नळीपाशी जाऊन उभा राहिला.

"इथे," तो मियाकेला म्हणाला. "इथे ओतायचो. दर शनिवारी बादलीभर. नऊ वर्षं. गाडी नंतर आली, मी खोटं सांगितलं. मालकांनी सांगितलं नव्हतं, मी माझ्या मनानेच केलं. माझं नाव लिहा."

मग तो इनुईबाईंकडे वळला. "मुलीला बोलावू नका वहिनी. आणि ते पाणी... तुम्ही ते पाणी पिऊ नका."

इनुईबाईंच्या हातातले चिमटे खाली पडले. दोईने यंत्र बंद केलं. आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. कोणीतरी अखेर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं.

संध्याकाळी कुसुमोतो आले. मियाकेला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "अहवाल तयार आहे. नियमाप्रमाणे भोकं पाडली, नियमाप्रमाणे निकाल आला. पन्नास वर्षांपूर्वीचं म्हाताऱ्या माणसाला काय आठवतं, काय नाही..."

"टाक्यांच्या जागा त्याला बोटभर चुकल्या नाहीत, तेव्हा तुम्ही म्हणालात, काय स्मरणशक्ती आहे!" मियाके म्हणाली. "जुन्या कामगारांनी काय सांगितलं, असा अहवालात एक रकाना असतो. मी ऐकलंय, तर तो मला भरावाच लागेल. आणि भोक सरकवायला मीच मान डोलावली होती. तेही लिहीन."

कुसुमोतोंनी पुष्कळ लोणी लावलं, शेवटी वरिष्ठांचं नाव काढलं. ती चिखलाचे बूट काढत ऐकत राहिली आणि तिने एकही शब्द बदलला नाही.

पंधरवड्याने भटजी आला. मंत्र झाले, तांदूळ, मीठ, दारू झाली. त्सुजी कुंपणाबाहेर उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. दोईने तीनदा वाकून नळी काढली आणि यंत्र लावलं. चार मीटरवरून चिकणमातीचा लांब दांडा वर आला, तसा गोडसर वास पसरला. दोईने टॉवेल नाकाला लावला. आकडे आले, मर्यादेच्या सहाशे पट.

मग इनुईबाईंच्या विहिरीचं पाणी तपासायला नेलं. ते अकरा पट निघालं.

पंपाला झाकण बसवायला माणसं यायची होती, त्या सकाळी बाईंनी त्सुजीला हाक मारली. तो ओट्याशी येऊन उभा राहिला, बसला नाही. त्यांनी पंप मारून काचेचा पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"घ्या."

त्सुजीने दोन्ही हातांनी पेला घेतला. कपाळाला लावला. मग तोंडाला लावला, आणि खरोखर प्यायलाच असता. त्या क्षणी बाईंनी झडप घालून पेला काढून घेतला आणि पाणी अंगणात फेकलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर सुटू देणार नाही मी तुम्हाला. तुम्ही जिवंत राहा आणि काय करायचं ते करा."

त्या दिवसापासून त्या त्याच्याशी बोललेल्या नाहीत. मुलगी आली नाही. बाळ तिच्या गावी, नागोयातच झालं, मुलगी आहे म्हणे. तिचा फोटो घेऊन बाई कुंपणापाशी उभ्या राहतात, फोटो बघतात आणि झाकण लावलेल्या पंपाकडे बघतात.

आणि मी? मला खणून काढलं. विहिरीच्या भोवतालची माती चिकणमातीपर्यंत उपसली, ताडपत्रीने झाकलेल्या ट्रकांतून दूर कुठेतरी नेली. माझा तो भाग आता कुठल्या तरी दुसऱ्या जमिनीत पुरलाय. ती जमीन कोण, तिला कोणी विचारलं का, मला माहीत नाही. माझ्या खड्ड्यात डोंगरावरची लाल माती भरली. ती माझ्याशी बोलत नाही. तिला इथली सवय नाही.

मियाकेने खड्ड्याच्या तळाची शेवटची माती काढली, तेव्हा त्सुजी कुंपणाशी होता. त्याने विचारलं, "ह्या कुंपणापलीकडे कधी आखणार?"

तिने दोरी गुंडाळता गुंडाळता कुंपणाकडे पाहिलं. "आमचं काम जागेच्या हद्दीपर्यंतच असतं, आजोबा. पलीकडची माती कोणाच्या खात्यात येत नाही. पालिका अधूनमधून पाणी तपासत राहील."

"म्हणजे काढणार कोणी नाही?"

तिने दोरी पिशवीत टाकली.

तेव्हापासून त्सुजी दर सोमवारी पालिकेत अर्ज घेऊन जातो. इनुईबाईंच्या अंगणाखालची माती तपासा आणि उपसा, असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं. अर्जावर इथे सहीऐवजी घरमालकाचा शिक्का लागतो. रविवारी तो कागद त्यांच्या ओट्यावर ठेवून निघून जातो. त्या बाहेर येतात, वाचतात, आत जाऊन शिक्का आणतात, दाबून उमटवतात आणि कागद पुन्हा ओट्यावर ठेवून दार लावून घेतात. बत्तीस अर्ज झाले. बत्तीस वेळा उत्तर आलं की आपली विनंती विचाराधीन आहे.

माझ्यावर आता बाजाराचा पाया पडतोय. महिन्याभरात काँक्रीट येईल, त्यानंतर मला ना ऊन लागेल ना कोणाचा आवाज येईल. थकलेय, त्यामुळे झोपायला हरकत नाही. 'स्वच्छ' असा शिक्का असलेला कागद माझ्या नावावर आहे. पण माझ्यातलं जे मी इतकी वर्षं नाइलाजाने पश्चिमेला सरकू दिलं, ते तीस पावलांवर त्या बाईच्या स्वयंपाकघराखाली बसलंय. मी स्वच्छ आहे, असं कोणी तुम्हाला सांगितलं, तर हो म्हणा. आणि मग कुंपण ओलांडून पलीकडे जा, आणि तिथे खणा.